वाढप्याचा आग्रह

"मनुष्यप्राण्याने आजवर जेवढ्या म्हणून व्यवस्था उभ्या केल्या, राज्यं, न्यायालयं, लष्करं, ग्रामपंचायती, त्या सगळ्यांत पंगत ही एकच व्यवस्था निर्दोष आहे," पाटणकर सर म्हणाले, "आणि ती यंत्रांना शिकवणारे आपण जगातले पहिले."

हे बोलताना त्यांनी उजवा हात वर केला होता आणि पाठीमागच्या पिंपातून ओसंडलेलं पाणी त्यांच्या चपलांपर्यंत येऊन पोचलं होतं. सरांना ते कळलं नाही. समोर बसलेल्या घुगेसाहेबांना कळलं, कारण त्यांनी आपले बूट शांतपणे उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले.

घुगेसाहेब हे एका दूध संघाचे मुख्य इंजिनियर. त्यांना दुधाच्या टाक्या, पंप आणि तापमापक हे सगळं एका छोट्याशा कॉम्प्युटरवर चालवून हवं होतं. आणि आम्ही, म्हणजे नाशिकच्या सातपूर वसाहतीतल्या एका शेडमधली पाटणकरांची कंपनी, ते चालवून दाखवणार होतो. दुधाऐवजी पाणी, टाक्यांऐवजी पिंपं, एवढाच काय तो फरक.

"हे दूध असतं," घुगेसाहेब पाण्याकडे बघत म्हणाले, "तर आत्ता माझी नोकरी गेली असती."

ही पुष्कळ वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा मी त्या कंपनीत माहितीपुस्तिका लिहायला होतो. कॉम्प्युटर आणि मी एकमेकांना नमस्कारापुरते ओळखत होतो. पण ज्याला काही कळत नाही त्याला समजेल असं लिहायचं, तर लिहिणाऱ्यालाही काही कळता कामा नये, असा सरांचा सिद्धान्त होता, आणि मुलाखतीत मी त्या कसोटीला पूर्णपणे उतरलो.

मला जेवढं समजलं होतं ते असं. यंत्रं चालवण्यासाठी कंपनीने स्वतःची एक प्रोग्रॅमिंगची भाषा तयार केली होती. त्या भाषेत प्रत्येक टाकीसाठी, प्रत्येक पंपासाठी एकेक चिमुकला प्रोग्रॅम लिहायचा. त्याला सगळे 'धागा' म्हणत. धागे इतके हलके की त्या इवल्याशा कॉम्प्युटरवर ते शेकड्यांनी मावत. पण धागे शेकडो असले तरी कॉम्प्युटरचं डोकं एकच. एका वेळी एकच धागा चालणार. मग आता पाळी कोणाची, हे ठरवायला भाषेच्या पोटात एक भाग होता. कागदावर त्याचं नाव शेड्युलर होतं. शेडमध्ये सगळे त्याला वाढपी म्हणत.

वाढपी ओळीने जाई आणि एकेका धाग्यासमोर उभा राही. धागा आपलं घासभर काम उरके, म्हणजे टाकी भरली का ते बघे, भरली असेल तर पंप बंद करी, आणि आपण होऊन म्हणे, माझं झालं, पुढे चला. कोणी कोणाला हाताला धरून उठवायचं नाही. सगळं समजुतीने. शिवाय सरांच्या सांगण्यावरून वाढप्यात एक खास गोष्ट घातली होती. एखादा धागा 'आत्ता काही नको' म्हणाला, तरी वाढपी लगेच पुढे सरकत नसे. त्याला विचार करायला थोडा अवधी देई, पुन्हा विचारी, आणखी थोडा अवधी देऊन परत एकदा विचारी. एकदाच विचारून पुढे जातात ती खाणावळ, असं सरांचं म्हणणं होतं. या वैशिष्ट्यावर मी पुस्तिकेत एक अख्खं प्रकरण लिहिलं होतं. सरांना ते इतकं आवडलं की ते त्यांनी घरी नेऊन माईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, वाचून दाखवलं.

हा वाढपी घडवला होता मेधा कुंटे यांनी. बँकेतली कायमची नोकरी सोडून त्या या शेडमध्ये आल्या होत्या, आणि त्यांच्या माहेरी व सासरी या एकाच गोष्टीवर एकमत होतं. कुंटेबाई फारशा बोलत नसत. त्यांच्या तोंडून वाक्य निघालंच, तर त्यात क्रियापद असेल याची खात्री नसे. त्या दिवशी पाणी पुसून झाल्यावर मी त्यांना विचारलं की हे कशामुळे झालं असेल. त्या म्हणाल्या, "कळेल."

घुगेसाहेब माणूस भला होता. शनिवारी मी पुन्हा नाशकात आहे, म्हणाले, तेव्हा बघू. मात्र जाता जाता त्यांनी सरांना बाजूला घेऊन सांगितलं की समजुतीवर गाडी चालत नसेल तर दुसरा काही उपाय करा. सरांनी तो करायचा म्हणून मुंबईहून टिपणिसांना बोलावलं.

टिपणीस सल्लागार होते. त्यांच्यापाशी एक चामडी बॅग होती आणि बॅगेत एक तयार शेड्युलर. तोही पाळ्याच वाटायचा, पण हातात घड्याळ घेऊन. वेळ संपली की धाग्याचं काम अर्धवट असो की पुरं, त्याला उचलून बाहेर ठेवायचं. त्यांनी आल्या आल्या निदान केलं की तुमच्या पंगतीत कोणीतरी एक अधाशी बसलाय. तो पाळी सोडत नाही, म्हणून टाकीच्या धाग्याला वेळेवर पाळी मिळत नाही, म्हणून पंप उशिरा बंद होतो, म्हणून पाणी सांडतं. धाग्यांच्या सद्सद्विवेकबुद्धीवर दूध संघ चालत नाही, असंही ते म्हणाले. हे म्हणताना त्यांचा स्वर इतका सौम्य होता की रागावावं असं कोणाला वाटेना.

मग असं ठरलं की शनिवारी पाणी सांडलं नाही तर कुंटेबाईंचा वाढपी राहील, सांडलं तर टिपणिसांची बॅग उघडेल. सर हे सांगताना खिडकीबाहेर बघत होते. कुंटेबाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मग माझं इथे काम उरत नाही." आवाज चढला नाही की उतरला नाही. त्यांनी टेबलाच्या खणातली आपली कात्री आणि चष्म्याचं घर तेवढं पर्समध्ये घालून ठेवलं.

तो सगळा आठवडा आम्ही अधाशी धाग्याच्या शोधात घालवला. एकेकाची झडती झाली. प्रत्येक धागा सभ्य निघाला. सगळे घासभर काम करत होते आणि निमूट पाळी सोडत होते. त्यातून एक विचित्र गोष्ट मात्र उघडकीला आली. सगळी पिंपं एकदम भरायला लावली की सगळं सुरळीत चाले. पण दोनतीनच भरायला लावून बाकीची निवांत ठेवली की हमखास सांडे. म्हणजे गर्दीत ठीक आणि सामसुमीत गोंधळ. टिपणीस म्हणाले की असं त्यांनी मुंबईत कधी पाहिलं नाही. अर्थात मुंबईत सामसूमही त्यांनी कधी पाहिली नव्हती. मी आपला पुस्तिकेत एक ओळ घालून मोकळा झालो की शक्यतो सर्व टाक्या एकाच वेळी भराव्यात. कुंटेबाईंनी ती खोडली.

शनिवार उजाडला. शनिवारी दुपारी शेडला लागूनच असलेल्या सरांच्या घरी सगळ्यांनी जेवायचं असा रिवाज होता. मागच्या व्हरांड्यात पाट मांडून, केळीची पानं घालून पंगत बसे. स्वयंपाक माईंचा आणि वाढणं सरांचं. वाढण्याच्या बाबतीत ते दुसऱ्या कोणाला पळीला हात लावू देत नसत. त्या दिवशी पाहुणे म्हणून ओळीच्या सुरुवातीला घुगेसाहेब बसले होते, मग टिपणीस, मग कुंटेबाई, मग कंपनीतली बाकी मंडळी आणि सगळ्यात शेवटी, पुस्तिका हा विषय जेवणात जेवढ्या महत्त्वाचा असतो तेवढ्याच महत्त्वाच्या जागेवर, मी.

पहिला भात आला. वरण यायचं होतं. पण सर श्रीखंडाचं पातेलं घेऊन घुगेसाहेबांसमोर उभे होते.

घुगेसाहेब नको म्हणाले. सर हसले आणि उभे राहिले. घुगेसाहेबांनी पानावर हात आडवा धरला. सर म्हणाले की घरचा चक्का आहे. घुगेसाहेबांनी दुसराही हात पानावर ठेवला. सर म्हणाले की अर्धी पळी, आणि अर्धी पळी हवेत तशीच धरून वाट बघत राहिले. इकडे माझ्या पानातला भात गार होत होता. तिकडे टिपणिसांना मिरचीच्या लोणच्याचा ठसका लागला होता आणि तांब्या सरांच्या पायाशी होता. टिपणिसांच्या डोळ्यांना पाणी आलं. पण यजमान आग्रह करत असताना मध्ये पाणी मागणं बरं दिसत नाही म्हणून ते रुमालात तोंड घालून सभ्यपणे गुदमरत होते.

कुंटेबाईंच्या हातात घास होता. तो त्यांनी पानात परत ठेवला. त्यांनी एकदा सरांकडे बघितलं, एकदा टिपणिसांकडे, मग मान लांब करून माझ्या कोरड्या भाताकडे. आणि त्या उठल्या.

पंगतीतून अर्ध्यावर उठणं म्हणजे काय, हे ज्याला ठाऊक आहे त्याला मी वर्णन करून सांगायला नको. सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबले. स्वयंपाकघराच्या दारात माई येऊन उभ्या राहिल्या. आता बाई राजीनामा देणार, असंच मला वाटलं. कुंटेबाईंनी आधी तांब्या उचलून टिपणिसांपुढे ठेवला, मग सरांना म्हणाल्या, "सर, जरा शेडमध्ये येता?"

सर गेले. मीही उष्ट्या हाताने मागोमाग गेलो. पुस्तिका लिहिणाऱ्याने हजर असावं असा काहीसा विचार मनात होता, पण खरं कारण निव्वळ कुतूहल.

"धागा सापडला?" सरांनी विचारलं. पातेलं त्यांच्या हातातच होतं.

"धाग्यात काही नाही. वाढप्यात आहे."

"म्हणजे?"

"घुगेसाहेबांपाशी तुम्ही किती वेळ उभे होतात?"

"अगं, ते नको म्हणत होते."

"म्हणूनच."

सरांना ते कळलं नाही. मलाही नाही. कुंटेबाईंनी मोठा श्वास घेतला, आणि मी त्यांच्या तोंडून ऐकलेलं त्या वर्षातलं सगळ्यात लांब बोलणं बोलल्या.

"जे जेवतायत त्यांच्यापाशी वाढप्याचा वेळ जातच नाही, सर. घास वाढला की पुढे. वेळ जातो तो नको म्हणणाऱ्यांपाशी. तिथे तो थांबतो, विचारतो, पुन्हा थांबतो, पुन्हा विचारतो. सगळी पिंपं भरत असली की नको म्हणणारं कोणी नसतं, म्हणून सुरळीत चालतं. आणि बाकीची निवांत असली की वाढपी त्यांना आग्रह करत बसतो, आणि जे पिंप भरत आलंय ते ओळीच्या टोकाला ताटकळतं. खांबेट्यांसारखं."

खांबेटे म्हणजे मी.

"आठवडाभर आपण अधाशी शोधत होतो," कुंटेबाई म्हणाल्या. "पंगतीत अधाशी कोणी नव्हताच. ती आग्रहाची ओळ काढायला हवी."

एवढं ऐकल्यावर सर लगेच 'काढ' म्हणतील असं मला वाटलं होतं. आठवडाभराचं कोडं सुटलं होतं आणि ओळ खोडायला क्षणही लागला नसता. पण ते एका पालथ्या पिंपावर बसले, पातेलं मांडीवर घेतलं.

"काढल्यावर काय होईल?" त्यांनी विचारलं.

"नको म्हणेल त्याला ओळीतून उठवायचं आणि बाजूला बाकावर बसवायचं. प्रत्येक पिंपाला घंटेची तार आहेच, आजवर ती आपण ऐकत नव्हतो. ज्याला हवं असेल तो घंटा वाजवेल. वाजवली की परत ओळीत."

"आणि जो वाजवायला लाजेल तो?"

"सर, धाग्याला लाज नसते."

सरांनी मान हलवली, पण ती पटल्याची नव्हती.

"मी इथे शाळेत होतो तेव्हा वार लावून जेवायचो," ते म्हणाले. "सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. गुरुवार एका वकिलांकडे होता. वकीलीणबाई फार चांगल्या होत्या. स्वच्छ ताट, गरम भात. एकदा वाढून झालं की विचारायच्या, बाळ, आणखी हवा? मी म्हणायचो, नको. त्या पुढे जायच्या."

त्यांनी मांडीवरचं पातेलं सरळ केलं.

"त्यांचं काही चुकत नव्हतं. मी नको म्हटलं होतं. लोकांच्या घरी फुकट जेवणारा मुलगा दुसरं काय म्हणणार? गुरुवारची भूक शुक्रवारी दुपारपर्यंत पुरायची. मी मनात म्हणायचो, आणखी एकदा विचारलं तर हो म्हणेन. सगळी शाळा संपली. त्यांनी काही विचारलं नाही, आणि मी काही हाक मारली नाही."

शेडमध्ये कुठल्यातरी पंपाची घरघर चालू होती. ज्या आग्रहाच्या प्रकरणात मी विनोदी उपमा घालून खूश होतो, ते प्रकरण मला एकदम दुसऱ्याच कोणाच्या हातचं वाटायला लागलं. कुंटेबाई खाली बघत होत्या. त्यांचा उष्टा उजवा हात वाळला होता.

"मग असं करते," त्या म्हणाल्या. "घंटा राहील. बाकही राहील. पण वाढपी अधूनमधून बाकाजवळून एक चक्कर मारेल. हाक आली असो वा नसो. प्रत्येकाला विचारेल."

"किती वेळा?"

"एकदाच. उभं राहायचं नाही. पण येत राहील."

सरांनी यावर बराच विचार केला. मग उठले आणि म्हणाले, "चालेल. घुगेसाहेब खरंच नको म्हणत होते का?"

"त्यांना मधुमेह आहे, सर."

"अरेरे," सर म्हणाले. "मग सांगायचं नाही का आधी. थोडंसंच वाढलं असतं."

जेवणं उरकल्यावर घुगेसाहेब व्हरांड्यातल्या आरामखुर्चीत कलंडले. माईंच्या मसालेभातानंतर माणसाला जागं ठेवणं कोणत्याही शेड्युलरच्या हातात नसतं. तेवढ्या अवधीत कुंटेबाईंनी वाढप्याला नव्या रीती शिकवल्या. टिपणीस त्यांच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले होते. ठसक्यात वेळेवर पाणी मिळाल्यापासून त्यांच्यात एक प्रकारची मऊ निष्ठा उत्पन्न झाली होती. मध्येच त्यांनी विचारलं की बाकावर एकाच वेळी फार जण बसले तर चक्कर लांबेल, त्याचं काय. कुंटेबाई म्हणाल्या, "एका चक्करीत सगळे नाही. थोडे थोडे." टिपणिसांनी तो एवढा भाग स्वतः टाइप करून दिला.

चहा झाल्यावर सगळे पुन्हा पिंपांपुढे जमले. घुगेसाहेबांनी या वेळी बूट आधीच दांडीवर ठेवले होते. कुंटेबाईंनी मुद्दाम सगळ्यात वाईट परिस्थिती मांडली, म्हणजे दोनतीन पिंपं भरायला लावली आणि बाकी सगळी निवांत. पाणी चढलं, घंटेचा बारीक टिंग आला, पंप थांबला. दुसरं पिंप, तिसरं पिंप. पाण्याचा एक थेंब जमिनीवर आला नाही. कुंटेबाईंच्या खांद्यावर पर्स होती, ती त्यांनी काढून टेबलावर ठेवली.

घुगेसाहेब उठले, पिंपांमधून एक फेरी मारली, आणि सहज म्हणून एका पिंपाच्या मागे हात घालून एक तार उपटली.

"घंटेची आहे ना ही?" त्यांनी विचारलं. "आमच्याकडे उंदीर आहेत. ते काय काय खातील याचा नेम नाही. आता हे पिंप भरायला लावा."

आता त्या पिंपाकडे पातळी सांगायची तार तेवढी होती. पण ती कोणी येऊन विचारलं तरच सांगणार. हाक मारून बाकावरून ओळीत परत यायची सोय राहिली नव्हती. पाणी चढू लागलं. सर उभे राहिले. टिपणिसांनी बॅग मांडीवर घेतली आणि तिच्यावर दोन्ही हात घट्ट दाबून धरले, जणू काही ती आपण होऊन उघडेल. पाणी काठाजवळ आलं, आणखी वर आलं. घंटा वाजली नाही, वाजणार नव्हतीच. मी कुंटेबाईंकडे बघितलं. त्या पिंपाकडे बघतच नव्हत्या. त्यांची नजर सरांवर होती.

पंप थांबला. पाणी काठाच्या बोटभर खाली हिंदकळलं आणि स्थिर झालं.

घुगेसाहेब वाकून त्या बोटभर जागेकडे बघत राहिले. मग त्यांनी विचारलं की तार तुटलेली असताना याला कोणी विचारलं.

"वाढप्याने," कुंटेबाई म्हणाल्या. "चक्कर होती त्याची."

"हाक नसताना चक्कर मारायची, हे डोकं कोणाचं?"

"सरांचं."

घुगेसाहेबांनी सरांकडे बघितलं आणि म्हणाले की संघाचं काम तुमचं. टिपणिसांनी लगेच उभं राहून छोटंसं भाषण केलं. सक्ती आणि समजूत यांच्या वादात आज एका शेडमध्ये तिसरा मार्ग निघाला असून पुढेमागे जगातल्या मोठमोठ्या प्रोग्रॅमिंगच्या भाषांना याच वाटेने यावं लागेल, असं ते म्हणाले, आणि बॅग त्यांनी न उघडताच पाठीमागे सरकवून ठेवली. घुगेसाहेबांनी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला. आता सर काही बोलतील, आणि ते मला पुस्तिकेच्या पहिल्या पानावर छापावं लागेल, म्हणून मी खिशातलं पेन काढून तयार राहिलो.

सरांनी घुगेसाहेबांचा हात हातात घेतला, पण त्यांचं लक्ष तिकडे नव्हतं. ते व्हरांड्याच्या दाराकडे बघत होते. तिथे माई पदराला हात पुसत उभ्या होत्या.

"अगं," सरांनी हाक मारली. इतक्या वर्षांत त्यांचा तसला आवाज मी ऐकला नव्हता. "मला जरा भात वाढतेस का? मी जेवलोच नाहीये."